उलट बाजूची नावं

"पुढच्या बाजूला जिवंत, मागच्या बाजूला गेलेले. मागं आधी वर क्रूस काढायचा, मग नावं. आणि घाई करायची नाही हो, सूनबाई. ज्याचं नाव राहून जातं, तो बिचारा उंबऱ्यातच उभा राहतो."

सासूबाईंना जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी हे सांगणं इव्हान्थियाच्या कानात जसंच्या तसं होतं. लग्न होऊन ती कारिदोरेमा या ग्रीक डोंगरी गावात आली तेव्हाचा हा तिचा पहिला धडा. वर्षातून दोन-तीन वेळा मृतांचा शनिवार येई. त्या दिवशी उकडलेल्या गव्हात साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे घालून कोलिवा करायचा, घरातली नावं कागदावर लिहायची आणि ताट नि कागद दोन्ही चर्चमध्ये न्यायचं. पापा थिओक्लितोस, म्हणजे गावचे धर्मगुरू, ती नावं एकेक करून मोठ्यानं वाचत. वाचलेलं नाव पलीकडे पोचतं, याबद्दल इव्हान्थियाच्या मनात कधी शंका आली नाही. तिचे नेम साधे होते. संध्याकाळी पानागियाच्या, म्हणजे मरियामातेच्या, तसबिरीपुढे तेलाचा दिवा, बुधवारी नि शुक्रवारी उपवास, आणि अंथरुणाला पाठ टेकण्याआधी आपल्या गेलेल्या माणसांची नावं. सासू, सासरे, नवरा. आणि शेवटी, श्वास जरा थांबवून, झिनोविया. सहा वर्षांची झिनोविया. चौतीस वर्षांपूर्वी तापानं तीन दिवसांत गेलेली.

आता ती सहासष्टीला आली होती आणि गावातल्या अकरा बायकांच्या सहकारी संस्थेची अध्यक्ष होती. अध्यक्ष म्हणजे काय, तर सगळ्यात आधी येऊन चूल पेटवायची आणि सगळ्यात शेवटी कढया घासायच्या. बायका हिरव्या अक्रोडांचा मुरंबा करत, आंबट दुधात गहू कालवून उन्हात वाळवत, बाटल्या भरत. पोरं नाहीत म्हणून गावची शाळा बंद पडली होती. त्याच शाळेत आता स्वयंपाकघर होतं. ते बांधून दिलं होतं डोंगराच्या कुशीत बाटल्या भरणाऱ्या पाण्याच्या कंपनीनं. छप्पर कंपनीचं, भट्टी कंपनीची, आणि नाताळात आपल्या गिऱ्हाइकांना ज्या टोपल्या कंपनी वाटे, त्यांत मुरंबाही याच बायकांचा. त्या टोपल्यांवर अकरा घरांच्या चुली चालत होत्या. कंपनीत 'सामाजिक जबाबदारी' नावाचा एक विभागच होता, आणि त्या विभागाची मिर्सिनी नावाची पोरगी दर महिन्याला अथेन्सहून येई. पोरगी लाघवी. आली की सगळ्यांना काकू, आजी म्हणे आणि कढईतलं खरवडून खाई.

फेब्रुवारीत ती आली ती नेमकी शुक्रवारी. दुसऱ्या दिवशी मृतांचा शनिवार. शाळेतल्या बाकांवर चादरी अंथरून बायकांनी उकडलेले गहू सुकत घातले होते. सगळ्यांचे हात पिठूळ, सगळ्यांच्या चष्म्यांवर वाफ.

"काकू, घाईत आहे," मिर्सिनी म्हणाली. "हे कागद ठेवून जाते. ज्यांच्यासाठी तुम्ही एवढं सगळं करता, त्या तुमच्या माणसांची नावं लिहायची. जितकी जास्त तितकं छान. आमच्या साहेबांना हवी आहेत. तासाभरानं ड्रायव्हर घेऊन जाईल."

ती गेली. स्तामातियानं कागद उलटून पालटून पाहिला. ही स्तामातिया म्हणजे संस्थेची जीभ. जाम ढवळता ढवळता माणूस सोलून काढणारी.

"साहेबांना आपल्या माणसांची नावं कशाला गं हवीत? जेवायला बोलावतायत की काय?"

इव्हान्थियानं एप्रनला हात पुसून कागद घेतला. वर ठळक अक्षरांत 'आमची माणसं' असं होतं. त्याखाली बारीक अक्षरांतल्या पाच ओळी आणि मग मोकळी जागा. चष्मा वाफेनं आंधळा झाला होता. तिनं ठळक ओळ वाचली आणि तिला सगळं लख्ख समजलं.

"अगं, उद्या शनिवार नाही का? गेल्या वर्षी आपल्या चर्चला झुंबर दिलं ते याच साहेबांनी. मठात चाळीस दिवसांच्या प्रार्थनेला नावं देत असतील. मोठी माणसं देतात तशी. आपलीही घालतायत."

सगळ्यांना ते पटलं. पटणारच. गावात दुसऱ्या कुठल्या कामासाठी कुणी कधी नावांचा कागद मागितलाच नव्हता.

"चाळीस दिवस!" चौऱ्याऐंशी वर्षांची पोलिक्सेनी आजी म्हणाली. गेलेल्या नवऱ्याच्या आठवणीनं तिचे डोळे भरून आले. "माझ्या पान्देलिसच्या नावानं चाळीस दिवस प्रार्थना! जिवंतपणी त्याला चाळीस मिनिटं कुणी ऐकून घेतलं नाही."

मग इव्हान्थियानंच सगळ्यांना सांगितलं कसं लिहायचं ते. पुढच्या बाजूला जिवंत. गावातले, अथेन्सला गेलेले, जर्मनीत गेलेले, सगळे. मागच्या बाजूला वर क्रूस, त्याखाली गेलेले. अकरा बायकांनी बाकांवर बसून, पोरींनी परीक्षा द्यावी तशी, मान खाली घालून नावं लिहिली. आगोरित्सानं तर जन्मून दोनच दिवस जगलेल्या भावाचंही लिहिलं. इव्हान्थियानं मागच्या बाजूचं शेवटचं नाव लिहिलं आणि शाई सुकेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिली.

कागद गेले. पुढले कित्येक दिवस तिला झोप शांत लागली.

समारंभ ठरला सप्टेंबरात, आणि तोही चौदा तारखेला, क्रुसाच्या सणाला. स्वयंपाकघराला तीन वर्षं पूर्ण झाली म्हणून. त्या दिवशी कडक उपवास असतो हे कंपनीत कुणाला ठाऊक नसावं, कारण सकाळीच गाडीभर चीजच्या वड्या आणि भाजलेलं मांस येऊन पडलं. चर्चमधून तुळशीच्या काड्या हातात घेऊन आलेल्या बायका त्या टेबलांकडे पाठ करून बसल्या.

"पोटात कावळे ओरडतायत आणि नाकाला वास," स्तामातिया कुजबुजली. "सैतानानं सुद्धा एवढा खर्च केला नसता."

"गप गं," इव्हान्थिया म्हणाली, पण तिलाही हसू आलं.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. शाळेच्या दर्शनी भिंतीवर छपरापासून जोत्यापर्यंत निळं कापड सोडलेलं. पुढच्या रांगेत कंपनीचे संचालक स्केंदेरिस साहेब आणि जिल्ह्याच्या कचेरीतला एक टक्कल पडलेला अधिकारी. साहेब बोलायला उभे राहिले. बोलणं गोड. डोंगर, पाणी, आईच्या हातची चव. इव्हान्थिया मान हलवत ऐकत होती.

"आणि एक गोष्ट मला अभिमानानं सांगायची आहे," साहेब म्हणाले. "अशा कामात गाव बरोबर असावं लागतं. कारिदोरेमातली दोनशे चौदा माणसं आज आमच्याबरोबर आहेत. दोनशे चौदा! आमच्या कामाला त्यांनी नावानिशी पाठिंबा दिला आहे, दुसऱ्या बोअरलाही संमती दिली आहे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गावात हिवाळ्यात अठ्ठावन्न माणसं असतात.

"दोनशे चौदा?" स्तामातिया म्हणाली. "कोंबड्या धरून का?"

"कुठला दुसरा बोअर?" आगोरित्सा म्हणाली. आधीच चर्चमागच्या झऱ्याची धार त्या उन्हाळ्यात करंगळीएवढी झाली होती.

साहेबांनी दोरी ओढली. कापड सरसरत खाली आलं.

भिंतभर काच होती. काचेत कोरलेली पांढरी अक्षरं उन्हात चमकत होती. वर मोठ्या अक्षरांत 'आमच्यासोबत पुढे चालणारी माणसं'. आणि खाली घराघराप्रमाणे नावं. रांगच्या रांग नावं.

टाळ्या वाजल्या. कंपनीच्या लोकांनी वाजवल्या. बायकांपैकी कुणाचाही हात वर आला नाही.

पहिल्यांदा उठली ती पोलिक्सेनी आजी. काठी टेकत भिंतीपाशी गेली, नाक काचेला लागेल इतकी जवळ गेली. सुनेच्या नावाखाली तिचं नाव होतं. त्याखाली पान्देलिस. त्याखाली तिचे आईबाप, तिची बहीण, युद्धात गेलेला तिचा मामा. मधे रेघ नाही, जागा नाही, काही नाही. तिनं आपल्या नावावर बोट ठेवलं, मग खालच्या नावावर, मग पुन्हा आपल्या. आणि काठी सोडून ती जिथे होती तिथेच खाली बसली.

"मला मेलेल्यांत घातलं," ती एवढंच म्हणाली. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "पोरींनो, मला मेलेल्यांत घातलं."

 काय झालं ते इव्हान्थियाला क्षणात कळलं, आणि कळूनही कळेना. कागदाच्या दोन्ही बाजू. कुणीतरी दोन्ही बाजू एकापाठोपाठ एक उतरवून काढल्या होत्या. क्रूस तेवढे गळाले होते. भिंतीकडे जायचं नाही असं ती स्वतःला सांगत होती आणि पाय तिकडेच चालले होते. तिचं नाव तिसऱ्या रांगेत. त्याखाली नवरा. सासू. सासरे. आणि त्याखाली सुबक, देखण्या अक्षरांत, झिनोविया.

चौतीस वर्षांत ते नाव तिनं थडग्यावरचा दगड सोडून दुसरीकडे कुठे कोरलेलं पाहिलं नव्हतं.

"सुंदर झालंय ना, काकू?" मिर्सिनी शेजारी येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "एक विचारू? ही झिनोविया तुमची मुलगी ना? किती गोड नाव आहे. आज का नाही आली?"

इव्हान्थियानं तिच्याकडे पाहिलं.  

"ती चर्चच्या मागे आहे, बाळ. चौतीस वर्षं झाली."

मिर्सिनी हसतच राहिली. हसू चेहऱ्यावरून उतरायला थोडा वेळ लागला. डोळ्यांतून गेलं तरी ओठांवर राहिलं होतं.

तेवढ्यात मागून पापा थिओक्लितोसांचा आवाज आला. म्हाताऱ्यांनी भिंत पाहिली होती, वरपासून खालपर्यंत वाचली होती. चाळीस वर्षं ही नावं त्यांनी दर मृतांच्या शनिवारी उच्चारलेली. त्यांना चष्म्याची गरज नव्हती. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी सारखी केली आणि इकडेतिकडे न पाहता, मृतांसाठी म्हणतात ती प्रार्थना सुरू केली. सगळा गाव उभा राहिला. ते पाहून साहेब उभे राहिले, अधिकारी उभा राहिला, वड्यांच्या तबकांशी उभ्या असलेल्या पोरांनीही हात मागे घेतले. बायका तोंडाला पदर लावल्यासारखा रुमाल लावून रडत होत्या. 'चिरंतन स्मृती राहो' असं पापांनी तीनदा म्हटलं आणि ते थांबले.

आणि कंपनीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

इतक्या मनापासून वाजवल्या की शाळेच्या छपरावरची कबुतरं उडाली. उद्घाटनाचा आशीर्वाद झाला, असं समजून साहेबांनी पुढे होऊन पापांचा हात हातात घेतला. पापा त्या हाताकडे पाहत राहिले, जणू तो कुणाचा आहे हे त्यांना आठवत नव्हतं.

मिर्सिनीनं साहेबांच्या कानात सांगितलं तेव्हा ते पांढरेफटक पडले; खोटं कशाला बोला. त्यांनी इव्हान्थियाला आत स्वयंपाकघरात बोलावलं, स्वतः खुर्ची पुढे केली.

"काकू, मला लाज वाटते. फार मोठी चूक झाली. नावं उतरवायचं काम बाहेरच्या लोकांना दिलं होतं. ती काच मी उद्याच्या उद्या काढायला लावतो."

"देव तुमचं भलं करो," इव्हान्थिया म्हणाली. "आणि ते बोअरचं? ती संमती?"

"तो संमतीचा बारीक मजकूर कागदावर होता, काकू. वरच. तुम्ही वाचला असेल. ती यादी जोडूनच जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज केलाय."

तिला आठवलं. पाच ओळी. वाफ. तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं, लिहा.

"नाही वाचला," ती म्हणाली. "माझं चुकलं. पण तुम्हाला आता कळलंय ना? मग कचेरीत सांगा की यादी खरी नाही. ती परत घ्या."

साहेबांनी कपाळ चोळलं. "अर्ज जाऊन चार महिने झाले. गुरुवारी सुनावणी आहे. आता यादी मागे घेतली तर सगळंच पुन्हा पहिल्यापासून. वर्ष जाईल. आणि मग वरची मंडळी मला विचारणार की या गावावर आपण खर्च करतोय तो कशासाठी. टोपल्यांचं कंत्राट दर वर्षी नव्यानं मंजूर होतं, तुम्हाला माहीत आहे. मी धमकी देत नाही हं, काकू. मी तुमच्याच बाजूनं बोलतोय."

"पण ती नावं तिथे राहतील."

"कागदांच्या गठ्ठ्यात. तिथे कोण वाचतंय?"

सगळ्या दिवसातला हा घाव सगळ्यात खोल गेला. हा माणूस वाईट नव्हता. त्यानं हे धीर द्यायला म्हटलं होतं. तिच्या पोरीचं नाव कुणीच वाचणार नाही, असं सांगून तो तिचं समाधान करत होता.

ती उठली. दारात मिर्सिनी डोळे पुसत उभी होती.

"ते मूळ कागद कुठे आहेत?" इव्हान्थियानं हळूच विचारलं. "आम्ही हातानं लिहिलेले."

मिर्सिनीनं आतल्या साहेबांकडे एकदा पाहिलं. मग काही न बोलता गाडीकडे गेली आणि एक पिवळं पाकीट घेऊन आली. 

"मी उलटून पाहिलंच नाही हो, काकू. मागं काय आहे ते. एकदा उलटून पाहिलं असतं तर."

"मीही वर काय आहे ते नाही पाहिलं, बाळ," इव्हान्थिया म्हणाली आणि पाकीट एप्रनच्या आत खोचलं.

संध्याकाळी अकराच्या अकरा जणी स्वयंपाकघरात जमल्या. नाही, दहाच, पोलिक्सेनी आजीला उचलून घरी नेलं होतं आणि तिनं अंथरूण धरलं होतं. खिडकीतून काचेची मागची बाजू दिसत होती, अक्षरं उलटी.

"आमच्या अनेस्तिसनं जन्मात कुणाला सही दिली नाही," स्तामातिया आपल्या गेलेल्या नवऱ्याबद्दल म्हणाली. नेहमीचीच धार. "पतपेढीवाले दारातून परत जायचे. पोस्टमननं कागद पुढे केला की हा कोंबड्यांत जाऊन लपायचा. आणि आता मेल्यावर बोअरला संमती! थडग्यात कुशीवर वळला असेल मेला."

कुणीतरी हसलं आणि लगेच रडलं.

इव्हान्थियानं साहेबांचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही, टोपल्यांचंही नाही. "कागद घेऊन गुरुवारी मी कचेरीत जावं असं माझ्या मनात आहे," ती म्हणाली. "पण पोट माझं एकटीचं नाही. तुम्ही बोला."

 मग आगोरित्सा बोलली. ही सगळ्यांत धाकटी, नवरा टाकून गेलेला, पोरगी इओआनिना शहरात शिकायला.

"जाऊ नका, काकू."

"आगोरित्सा..."

"नाही, ऐका ना. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. माझा भाऊ आहे त्या भिंतीवर. दोन दिवसांचा. आईनं त्याला नीट पाहिलंही नव्हतं. मला नाही का लागलं? पण मेलेल्यांना भूक लागत नाही हो. माझ्या पोरीला लागते. टोपल्या गेल्या तर पुढल्या महिन्यात मी काय करू, सांगा. अथेन्सला जाऊन म्हाताऱ्यांचं गू-मूत काढू? तेही करीन. पण मग या गावात आणखी एक दार बंद होईल. तुम्हाला तेच हवंय का?"

"असं नको गं बोलू काकूंना," कुणीतरी म्हणालं.

"बोलू दे तिला," इव्हान्थिया म्हणाली. "खरं बोलतेय ती."

"मग? नावं लिहायला कुणी सांगितलं होतं?" आगोरित्सा ओरडली, आणि ओरडून झाल्यावर तिनंच तोंडावर हात ठेवला.

इव्हान्थियानं मान खाली घातली.  पाकीट मांडीवर होतं, आणि पाकिटावर तिचे दोन्ही हात, अक्रोडाच्या सालांनी काळे पडलेले.

त्या रात्री दिव्यापुढे ती उभी राहिली, पण नावं घेता येईनात. पहिलं नाव ओठांवर आलं की पुढे काच दिसे. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा नेम अर्धा राहिला. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. देवाला ठाऊकच होतं.

बुधवारी दुपारी ती पोलिक्सेनी आजीकडे गेली. आजी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तीन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. सून बिचारी वाटीत सूप घेऊन उभी.

"आजी, मी इव्हान्थिया."

"तू मला दिसतेस," आजी तोंड न वळवता म्हणाली. "मी तुला दिसते का?"

"असं काय बोलता?"

"खरं विचारतेय. साठ वर्षं मी दोन बाजूंना नावं लिहितेय. इकडची इकडे, तिकडची तिकडे. आता सरकारच्या कागदावर मी त्यांच्यात आहे. मग सुपाचं मी काय करू? हा घास कुणाचा? आणि पान्देलिस तिकडे विचारत असेल, बाई, तू आलीस म्हणे, कुठे आहेस?" तिनं पहिल्यांदाच वळून पाहिलं. डोळे कोरडे होते. "मला मरायची भीती नाही गं. पण मी कुठल्या बाजूला आहे, ते मला कळू दे."

इव्हान्थिया अंथरुणाच्या कडेला बसली. म्हातारीचा हात तिनं हातात घेतला. हात चिमणीएवढा हलका होता. डोक्यात आगोरित्सा होती, तिची पोरगी होती, थंड पडलेली भट्टी होती. ती या सगळ्याला तोलत बसली, पण तोलून संपेना. मग तिच्या लक्षात आलं की ती तीन दिवस हाच विचार करते आहे की आपल्याला काय करावंसं वाटतं. काय करायला हवं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. गावातल्या बायकांना तिनं चुकीचा शब्द दिला होता, नकळत दिला, पण तिच्याच तोंडून गेला होता. तो परत आणायला दुसरं कुणी जाणार नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, "उद्या मी कचेरीत जाते. कागद उलटून त्यांना दोन्ही बाजू दाखवते. तुमचं नाव इकडे आणि पान्देलिसचं तिकडे, असं त्यांच्या तोंडून म्हणवून घेते. सगळ्यांची. एक नाव राहू देणार नाही. मी शब्द देते."

"शब्द?"

"शब्द."

आजीनं तिच्याकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "गार झालं असेल. गरम करून आण."

गुरुवारी सकाळी ऊन अंगणात उतरलं होतं. इव्हान्थियानं चर्चला जायचा काळा कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला. जिल्ह्याच्या गावाची बस नऊ वाजता खालच्या रस्त्यावर येते. उतरण अर्ध्या तासाची. तिनं दार ओढून घेतलं.

वाटेत आगोरित्साचं घर लागलं. ती ओट्यावर सतरंजी झटकत होती. इव्हान्थियाला पाहून तिचे हात थांबले. दोघींची नजर भेटली. आगोरित्सा आत गेली नाही, तिनं तोंडही फिरवलं नाही. सतरंजी हातात तशीच धरून ती उभी राहिली.

"येते गं," इव्हान्थिया हळूच म्हणाली.

आणि पाकीट छातीशी धरून, पायांखालचा दगड पाहत, ती उतरण उतरू लागली.